त्याचे पाप तुमच्या माथा

शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला त्याला दोन वर्षांच्या वर झाली होती. 23 ऑक्टोबर 1662 रोजी शिवाजी महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांना एक पत्र धाडलं. रोहिडखोरं म्हणजे आपल्या भोरच्या आसपासचा, नीरेच्या काठचा मुलूख. जासुदांनी बातमी आणली आहे, मोगल तुमच्या तप्यात, म्हणजे मुलखात, धावणीला येताहेत. तरी पत्र पावताच गावोगाव ताकीद करा, लेकराबाळांसकट सगळी रयत घाटाखाली बांका जागा असेल तिथे पाठवा, गनिमाचा आजार पोचणार नाही अशा जागी पाठवा, असा त्याचा मजकूर. हे काम 'रातीचा दिवस करून' करायचं. एका घडीचाही दिरंग चालणार नाही.

पुढे महाराज लिहितात, यात तुमच्याकडून अंतर पडलं आणि मोगलांनी कोणाला बांद धरून, म्हणजे कैद करून, नेलं, तर 'त्याचे पाप तुमच्या माथा बैसेल'.

इतिहासाची थोडीफार आवड असलेल्या मराठी माणसाला हे पत्र माहीत असतं. व्याख्यानांतून ते येतं, शिवजयंतीच्या फलकांवर येतं. मोडीच्या वर्गात आमच्या सरांनी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून मला ते जवळजवळ पाठ आहे. पण गेली काही वर्षं ते माझ्या मनात वेगळ्याच कारणाने घोळतंय. लोकांना घरं सोडायला सांगितल्यावर पुढे जे घडेल त्याचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा, हे त्यात किती स्वच्छ सांगितलंय. रयतेच्या नावावर त्यातलं काहीही टाकलेलं नाही. हल्ला करणारे मोगल, पण त्यांच्या हाती माणूस सापडला तर जाब देशमुखाला, कारण लोकांना हलवण्याची ताकद त्याच्याकडे होती, दवंडी त्याची होती आणि घाटवाटा त्याला ठाऊक होत्या.

ऑक्टोबर 2023 मध्ये तळजाईच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एकदा गाझाचा विषय निघाला. 7 ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे 1200 माणसं मारली होती, अडीचशे जणांना ओलीस धरून नेलं होतं. त्या क्रूरपणाबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. 13 ऑक्टोबरला इस्रायली लष्कराने वादी गाझा या ओढ्याच्या उत्तरेला राहणाऱ्या सगळ्यांना चोवीस तासांत दक्षिणेकडे जायला सांगितलं. सगळे म्हणजे सुमारे 11 लाख माणसं. एक निवृत्त गृहस्थ, सज्जन माणूस, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे, बाकावर बसून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "आगाऊ सूचना दिली होती की त्यांना. मग थांबले कशाला?"

कोणीच काही बोललं नाही. मीही तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, कारण टेकडीवर चालता चालता देता येईल इतकं ते छोटं नव्हतं. आता देते.

पहिलं म्हणजे, अकरा लाख माणसं चोवीस तासांत हलवायची हे आकडे जरा आपल्या गावावर ठेवून बघावेत. आषाढात माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा काही लाख वारकरी शहरात असतात. महिनाभर आधी बैठका सुरू होतात. टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्यांचे तंबू, कोणत्या दिंडीने कोणत्या शाळेत उतरायचं, कोणता रस्ता किती वाजता बंद करायचा, सगळं ठरलेलं असतं. वारीत चालणारी माणसं स्वेच्छेने निघालेली असतात, वाटेत गावोगाव पंगती बसतात. तरीही दिवे घाटात दमछाक होऊन माणसं खाली बसतात. गाझात वीज तोडलेली, इंधन आणि पाणी अडवलेलं, वरून बॉम्ब पडताहेत, आणि त्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन निघायचं. उत्तरेतल्या 22 रुग्णालयांत दोन हजारांवर रुग्ण होते. त्यांना हलवायला लावणं म्हणजे मृत्युदंडच, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच आठवड्यात जाहीरपणे सांगितलं. काचेच्या पेटीतलं अपुऱ्या दिवसांचं बाळ, डायलिसिसवरचा माणूस, टाके ओले असलेली बाळंतीण. यांना कोणी विचारावं, थांबलात कशाला म्हणून?

दुसरं म्हणजे निघायचं कोणाचं ऐकून? एकीकडे इस्रायलची पत्रकं निघा म्हणत होती, दुसरीकडे हमास सांगत होती की घरं सोडू नका. दोन्ही बाजूंच्या हातात बंदुका. त्याच महिन्यात विमानांतून पडलेल्या काही पत्रकांवर अशीही ओळ होती की जो उत्तरेतून हलणार नाही त्याला दहशतवादी संघटनेचा साथीदार समजलं जाऊ शकतं. आपला तसा हेतू नाही, असा खुलासा लष्कराने नंतर केला. पण ते पत्रक हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला हा खुलासा कुठून कळणार? युद्धाचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. सूचना मिळूनही जो घरात राहिला तो नागरिकच राहतो आणि त्याच्यावर गोळी चालवण्याचा हक्क सूचनेमुळे मिळत नाही.

1 डिसेंबरला गाझाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. सगळी पट्टी क्रमांक घातलेल्या शेकडो तुकड्यांत कापलेली, पत्रकावर क्यूआर कोड. तो मोबाईलवर स्कॅन करायचा, आपला क्रमांक शोधायचा आणि त्या क्रमांकाला हुकूम आला की निघायचं. मी तो नकाशा संगणकावर मोठा करून बराच वेळ पाहिला होता. काम नीटनेटकं होतं, रेषा बारीक, रंग फिके. जिथे दिवसेंदिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, तिथल्या लोकांसाठी ते केलेलं होतं.

आणि जायचं ते कुठे? उत्तरेतून खान युनिसला, खान युनिसहून रफाला. 2024 च्या सुरुवातीला रफात दहा लाखांहून कितीतरी जास्त माणसं दाटीवाटीने राहत होती. 6 मेला रफाच्या पूर्व भागातल्या सुमारे एक लाख लोकांवर पुन्हा पत्रकं पडली, आता अल-मवासीला जा. अल-मवासी ही समुद्रालगतची वाळूची पट्टी. पाणी नाही, मोऱ्या नाहीत. तिला सुरक्षित क्षेत्र म्हटलं होतं. 13 जुलैला तिथेच हवाई हल्ला झाला. हमासचा लष्करप्रमुख तिथे लपला होता म्हणून, असं इस्रायलने सांगितलं. गाझाच्या आरोग्य खात्याने 90 माणसं मेल्याचं जाहीर केलं. जेध्यांच्या पत्रात येतं की जागा अशी हवी जिथे गनिमाचा आजार पोचणार नाही. नुसतं निघा म्हणून भागत नाही, ही अक्कल सतराव्या शतकात होती.

इथे एक गोष्ट मला मोकळेपणी मांडली पाहिजे, कारण हे लिहिताना ती सतत आडवी येते. महाराजांनी रयत घाटाखाली उतरवली म्हणून मराठी फौजांचं सगळंच पान कोरं आहे असं मुळीच नाही. शंभरेक वर्षांच्या आत, 1742 पासून पुढे, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. लोक गावंच्या गावं टाकून भागीरथीपलीकडे पळाले. घाबरलेल्या कोलकत्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव 'मराठा डिच'. बंगाली आया आजही मुलांना झोपवताना बारगिरांची भीती घालतात. बंगाली बाईच्या पदरातलं बाळ ज्यांच्या भीतीने गप्प होतं ती आपली माणसं होती. हे आपण पुण्यात बसून फारसं बोलत नाही. बोललं पाहिजे.

आणि पुण्यानेही ते भोगलेलं आहे. पानिपतानंतर दोन वर्षांनी, 1763 मध्ये, निजामअली फौज घेऊन पुण्यावर आला. बरोबर नागपूरचे जानोजी भोसले, म्हणजे आपलेच. बातमी येताच पुणेकरांनी गाठोडी बांधली आणि सिंहगडाची व इतर किल्ल्यांची वाट धरली. पेशव्यांच्या घरातली माणसंही सिंहगडाकडे निघाली. मागे शहर लुटलं गेलं, ज्या घरांची खंडणी आली नाही ती पाडली, जाळली. पाठलागावर गेलेल्या तुकडीने सिंहगडाच्या पायथ्याचं गाव पेटवलं आणि तिथे नेलेले दौलतीचे कितीतरी कागद जळून गेले. मोडी शिकणाऱ्या माझ्यासारखीला त्या कागदांची हळहळ वाटणं साहजिक आहे. पण कागदांइतकीच मला त्या गावातली माणसं आठवतात, कारण त्यांचं भांडण कोणाशीच नव्हतं. मोठ्या घरची माणसं आश्रयाला त्यांच्या वरच्या गडावर आली एवढाच त्यांचा संबंध.

आमच्या घरात पळण्याची आठवण आहे ती सैन्याची नाही, पाण्याची आहे. 12 जुलै 1961. माझ्या सासूबाई तेव्हा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला राहत होत्या. पानशेत फुटलं ही बातमी कुठून आली ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. कोणीतरी ओरडत गेलं एवढंच. त्यांनी कडेवरचं मूल आणि देवघरातला बाळकृष्ण घेतला आणि पर्वतीच्या दिशेने चालायला लागल्या. पुराबद्दल त्या कमी बोलायच्या. जास्त बोलायच्या ते नंतरच्या महिन्यांबद्दल. रांगा, अर्ज, शाळेच्या वर्गात चार कुटुंबांनी साड्यांचे आडोसे करून काढलेले दिवस, आणि 'पूरग्रस्त' हा शिक्का, जो रेशनच्या दुकानातही मागे लागायचा. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इथल्या पूरग्रस्त वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. तात्पुरती म्हणून दिलेली जागा पुढे कायमची होते, हे या शहराला चांगलं माहीत आहे.

पण त्या वेळी पुण्याने विचारलं होतं, हे झालं कोणामुळे? नवं धरण, काम पुरं व्हायच्या आत पाणी का अडवलं? चौकशी आयोग नेमला गेला, साक्षी झाल्या. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही, पण नदीकाठी राहायला गेलातच कशाला, असं पेठेतल्या माणसांना कोणी म्हणालं नाही. मग दूर कुठे तोफा पुढे सरकायला लागल्या की तिथल्या माणसांना आपण हा प्रश्न इतक्या सहज कसा विचारतो?

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुदानचा एक मुलगा राहतो. फार्मसी शिकायला आलाय. पुण्यात सुदान, येमेन, अफगाणिस्तान, इराककडची मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. त्याला खोली मिळेपर्यंत किती एजंटांनी परत पाठवलं ते त्याने मला नंतर सांगितलं. आमच्या सोसायटीच्या सभेतही दोन तास वाद झाला होता. ते आता जाऊ दे. पायऱ्यांवर भेटला की 'आंटी, चाय हो गया?' विचारतो. त्याचं हिंदी आमच्या वॉचमनकडून शिकलेलं आहे, त्यामुळे त्यात थोडी मराठवाडी मराठीही येते.

त्याच्या घरचे खार्तुमचे. 15 एप्रिल 2023 ला सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि शहराच्या मधोमध लढाई सुरू झाली. वडील कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बायको, मुलगी आणि आपली म्हातारी आई यांना घेऊन वाद मदनी गाठलं. निळ्या नाईलच्या काठचं हे शहर, सभोवती गेझिराची कालव्यांवर पोसलेली कापसाची, ज्वारीची शेती. मुलाच्या मावशीचं घर तिथे होतं. खार्तुमची लाखो माणसं त्या वर्षी गेझिरा भागात अशीच नातेवाइकांकडे, शाळांमध्ये येऊन राहिली होती.

15 डिसेंबरला आरएसएफ वाद मदनीवर चालून आलं. तिथे पत्रक पडलं नाही, नकाशा नाही, क्यूआर कोड नाही. खार्तुममध्ये काय झालं ते लोकांनी पाहिलेलं होतं, तेवढी सूचना पुरेशी होती. शहराच्या एका बाजूला धूर दिसला आणि दुसऱ्या बाजूने माणसं चालायला लागली. आदल्या रात्री त्याच्या आईने फूल भिजत घातले होते. फूल म्हणजे त्यांच्याकडचे बाकले, आपल्या पावट्याहून मोठे, त्यांचं रोजचं खाणं. सकाळी निघायचं ठरलं तेव्हा तिने पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं, भिजलेले दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि कपड्यांच्या बोचक्यात खोचले. वाटेत जी गाडी मिळेल तिने, नाहीतर पायी, अशा मजला मारत ते तिसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या गेदारेफ शहरात पोचले तेव्हा दाण्यांना मोड आले होते. एका शाळेच्या पडवीत तीन विटांवर तिने ते शिजवले. बहिणीने फोनवर हे सांगितलं तेव्हा तो आमच्या जिन्यात बसला होता, कारण त्याच्या खोलीपेक्षा तिथे रेंज चांगली येते. मला त्याने ते तिथेच सांगितलं आणि दोन बोटांनी मोड केवढाले होते तेही दाखवलं.

18 डिसेंबरला शहर पडलं. लष्कर लढत राहिलं नाही, मागे हटलं. त्या चार-पाच दिवसांत तीन लाख माणसं तिथून बाहेर पडली असा अंदाज आहे. त्यातली कितीतरी दुसऱ्यांदा पळत होती.

निघालेल्यांत वडील नव्हते. आजी हलायला तयार नव्हती. खार्तुमहून एकदा निघाले, आता मरेपर्यंत कुठून निघणार नाही, म्हणाली. तिला मधुमेह होता, पायाची जखम भरत नव्हती, तिला उचलून नेणं तसंही अवघड. वडील तिच्याजवळ थांबले. ते थांबले म्हणून ही तिघं निघू शकली, असं मुलगा म्हणतो. तिसरी ती मावशी.

जेध्यांच्या पत्राचा शेवट इथे सांगते, कारण व्याख्यानांत तो सहसा गाळला जातो. सगळी रयत हलणार नाही हे महाराजांना माहीत होतं. शेतपोत राखायला गावोगाव माणसं मागे राहणारच. पत्र त्यांच्यावर रागावत नाही. त्यांना सांगा, डोंगरात अवघड आसऱ्याची जागा धरा आणि गनीम लांबून नजरेस पडताच त्याच्या धावणीची वाट चुकवून पळून जा, असं त्यात लिहिलंय. जो निघाला त्याची सोय लावलीत आणि जो उरला त्याचीही लावलीत, तरच काम झालं. इतका माणसांचा स्वभाव ओळखून लिहिलेला हुकूम मी आजच्या कोणत्याही सेनेकडून निघालेला पाहिलेला नाही. पत्रकांत नकाशे असतात, बाण असतात, मुदत असते. शेताजवळ थांबलेल्या म्हाताऱ्यासाठी एक ओळ नसते.

वाद मदनीत मागे राहिलेल्यांचं काय झालं? घरोघर लूट झाली. त्यांची मोटार पहिल्या आठवड्यात गेली, मग फ्रीज, मग पाण्याचा पंप. फोन लागायचा तेव्हा वडील मोजकं बोलायचे. इन्सुलिन आधी महाग झालं, मग मिळेनासं झालं. आपला मुलगा पुण्यात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, इन्सुलिन किती अंशांवर ठेवायचं, वीज नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यात कसं टिकवायचं हे सगळं त्याला पाठ. तो ते जिन्यातून वडिलांना समजावून सांगायचा आणि पलीकडे ठेवायला इन्सुलिनच नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आजी गेली. तिला गोळी लागली नाही, बॉम्ब लागला नाही. युद्धात मेलेल्यांच्या कोणत्याही आकड्यात ती धरली जाईल असं मला वाटत नाही.

तिचं पाप कोणाच्या माथा? चालून आलेल्या आरएसएफच्या माथी तर आहेच. शहर सोडून मागे गेलेल्या लष्कराच्याही आहे. शहर राखायचं नव्हतं तर माणसं बाहेर काढायला गाड्या, रस्ता, चार दिवस, काहीतरी द्यायचं त्यांचं काम होतं. आणि त्या दोघांना शस्त्रं पुरवणाऱ्या देशांच्याही माथी. यात आजीच्या हट्टाला कुठे जागा नाही, तिच्याजवळ थांबलेल्या लेकाला तर नाहीच.

2024 संपताना जगभरात घरदार सोडायला भाग पडलेल्या माणसांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 12 कोटी 32 लाख सांगितली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढी ही माणसं. त्यातली बहुसंख्य आपल्याच देशात कुठेतरी, म्हणजे कोणाच्या तरी ओसरीवर आहेत. सरकारी तंबूंचे फोटो आपण पाहतो, पण खरा भार उचलतात ते नातलग आणि अनोळखी शेजारी. 2009 मध्ये पाकिस्तानी लष्कराने स्वातमध्ये तालिबानविरुद्ध मोहीम उघडली आणि संचारबंदी थोड्या तासांसाठी उठवून लोकांना निघायला सांगितलं. वीस लाखांच्या आसपास माणसं खाली उतरली. छावण्यांत त्यातली थोडीच गेली. बाकीच्यांना मर्दान, स्वाबीकडच्या लोकांनी घरांत, बैठकीच्या खोल्यांत घेतलं. त्या घरांनी किती महिने किती पोळ्या जास्त लाटल्या याची नोंद कुठल्याच लष्करी इतिहासात सापडणार नाही. शत्रुराष्ट्र म्हणून ज्यांची नावंही आपण नीट घेत नाही, त्या गावांनी हे केलं.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम 49 आहे. व्याप्त प्रदेशातल्या लोकांना त्यांच्याच सुरक्षिततेसाठी हलवावं लागलं, तर हलवणाऱ्याने त्यांच्या निवाऱ्याची, अन्नाची, आरोग्याची सोय करायची, कुटुंबातली माणसं एकमेकांपासून तोडायची नाहीत आणि त्या भागातली लढाई थांबताच त्यांना घरी परत आणायचं. कायद्याच्या रूक्ष भाषेत ते जवळजवळ जेध्यांचंच पत्र आहे, फक्त पाप आणि माथा हे शब्द त्यात नाहीत. ते शब्द असते तर बरं झालं असतं. कलम मोडल्याबद्दल सेनापतींना लाज वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये सुदानच्या लष्कराने वाद मदनी परत घेतलं. वडील आजीच्या मृत्यूनंतर गेदारेफला गेले होते, ते परत मदनीला गेले, घराचं काय उरलंय ते बघायला. भिंतींतल्या विजेच्या तारा खेचून काढलेल्या होत्या, तांब्यासाठी. दारांच्या चौकटी होत्या, दारं नव्हती. याची त्यांनी तयारी ठेवली होती. तयारी नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. शहर परत घेतल्यावर लष्कराच्या बाजूच्या टोळ्यांनी आसपासच्या वस्त्यांमधल्या लोकांना, तुम्ही आरएसएफला सामील होता म्हणून, ठार मारल्याच्या बातम्या आल्या. जी माणसं कब्जाच्या काळात मागे राहिली होती त्या सगळ्यांवर संशय होता. वडील एका कार्यालयात कागद करायला गेले तेव्हा टेबलामागच्या तरुणाने त्यांना विचारलं, सगळे निघून गेले, मग तुम्ही थांबलात कशाला?

हे मुलाने मला सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते, हातातली जुडी खाली ठेवली. इथे तळजाईवर एका सज्जन माणसाने विचारलेला प्रश्न तिथे एका वृद्धाला त्याच्याच गावात, त्याच्याच सरकारच्या माणसाने विचारला होता. वडिलांनी आईची सगळी हकीकत सांगितली, दोन शेजारी साक्षीला आणले, कबरीची जागा दाखवायची तयारी दर्शवली, तेव्हा कागदावर शिक्का मिळाला. ज्या लष्कराने एका दिवसात शहर सोडलं त्याच्या कोणत्या अधिकाऱ्याला, तुम्ही निघालात कशाला, असं कोणी विचारलं असेल का?

आई आणि बहीण अजून गेदारेफलाच आहेत. बहिणीची बुडालेली शाळेची वर्षं भरून निघेपर्यंत तिथेच राहायचं ठरलंय. वडील मदनीत एका खोलीपुरती वायर टाकून घेताहेत, दिवे आणि एक पंखा, बाकीचं पैसे जमतील तसं. मुलगा इथे शिकवण्या घेतो आणि जमेल ते पाठवतो. मागच्या आठवड्यात त्याला खोलीच्या नव्या भाडेकरारावर सही हवी होती. आमच्या सभेत या वेळी वाद झाला नाही, दहा मिनिटांत विषय मंजूर झाला. तळजाईचे ते गृहस्थ आमच्याच सोसायटीचे. त्यांना मी त्याच्या वडिलांची सगळी गोष्ट सांगितली आहे. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या वायरचा खर्च किती येतो, विचारा त्याला." मी विचारणार आहे.